मुलीला सलोख्याचं काम करायचंय, पण पोटापाण्याचं काय?

प्रश्न : माझी मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. आम्ही जुन्या नाशकात राहतो. ह्यांचं भांडी बाजारात दुकान आहे आणि हे आमच्या चौकातल्या गणेश मंडळाचे खजिनदारही आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी तीन दिवसांच्या निवासी शिबिराला गेली होती. वस्तीवस्तीतल्या कार्यकर्त्यांना तिथे धर्मस्वातंत्र्य, सहिष्णुता, अल्पसंख्याकांचं संरक्षण असे विषय शिकवले. तेव्हापासून ती म्हणते, "मला असं प्रशिक्षण देणारी व्हायचंय." हे म्हणतात, याला काय नोकरी म्हणायची? मला तर भीतीच वाटते. आणि खरं सांगू का, आपण हिंदू; मग हे काम आपल्याच मुलीनं कशाला करायचं? रागावू नका, मनात आलं ते लिहिलं. – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, रागावू कशाला? बहुतेक पत्रांत "स्कोप आहे का?" एवढंच असतं. तुम्ही मनातला अवघड प्रश्न लिहून टाकलात, म्हणून त्याचंच उत्तर आधी देते.

अल्पसंख्याक ही कुणाच्या कपाळावर कायमची लिहिलेली गोष्ट नाही. आपण कुठे उभे आहोत यावर ती ठरते. उद्या तुमच्या मुलीचं लग्न होऊन ती बेळगावला गेली, तर तिथे ती भाषिक अल्पसंख्याक. घटनेचं ३०वं कलम आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क धर्माच्या अल्पसंख्याकांना देतं, तसाच भाषेच्याही देतं. हे अल्पसंख्याकपण राज्य धरून मोजायचं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात सांगितलं. मिझोराम किंवा नागालँडमध्ये हिंदू संख्येनं थोडे आहेत. म्हणजे तुमची मुलगी आज शेजारच्या गल्लीसाठी जे मागेल, तेच तिला स्वतःसाठी दुसऱ्या गावात लागू शकतं.

दुसरं कारण अगदी व्यवहारातलं. आपल्या गल्लीत एखादी अफवा आली, तर ती खोटी आहे हे आपल्यातल्याच माणसानं सांगितलेलं ऐकलं जातं. बाहेरच्यानं सांगितलं तर लोकांना वाटतं, हा त्यांची बाजू घेतोय. म्हणून हे काम हिंदू घरातल्या मुलीनं हिंदू गल्लीत करायचं, मुस्लिम मुलानं मुस्लिम मोहल्ल्यात करायचं, आणि मग दोघांनी एका सतरंजीवर बसायचं. हा क्रम उलटा केला की काम फसतं.

हे खूळ बाहेरून आलंय असं घरात कुणी म्हणालं, तर त्यांना पंचवटीत न्या. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. तो इथे तेवत ठेवणारे दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. वस्तीतून घडलेला नेता कसा असतो, ते बघायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. काळारामाच्या दारात जे मागितलं, ते पुढे घटनेच्या २५व्या कलमात आलं : हिंदूंच्या सार्वजनिक स्वरूपाच्या धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्यासाठी सरकार कायदा करू शकतं. १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. आणि नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला, त्या झाल्या १९०० साली. मधली पाच वर्षं त्यांनी स्वतःच्या मनाशी झगडण्यात घालवली. नवऱ्याचा निर्णय म्हणून बायकोचाही झाला, असं घडलं नाही. घटना ज्याला सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य म्हणते, ते मला या पाच वर्षांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं कलमाच्या भाषेतही दिसत नाही. तुमच्या मुलीला हे सगळं घराजवळ मिळालंय. प्रशिक्षण देताना परदेशी उदाहरणांपासून सुरुवात करायची वेळ तिच्यावर येणार नाही.

आता काम नेमकं काय असतं ते सांगते, कारण तीन दिवसांच्या शिबिरात त्याची गोड बाजूच जास्त दिसते.

मी विशीत असताना एका गावी अशाच शिबिरात स्वयंसेवक होते. भाषणं झाली, सगळ्या धर्मांच्या मंडळींनी हातात हात घालून फोटो काढले, जेवणं झाली. महिनाभरात त्याच गावात एका खोट्या बातमीवरून रात्री दोन्हीकडचे दोनशे-तीनशे लोक रस्त्यावर आले. फोटोत शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांकडे एकमेकांचा फोन नंबर नव्हता. पोलीस वेळेत आले म्हणून निभावलं. ती रात्र माझ्या मनातून कधी गेली नाही. त्यानंतर कुठल्याही शिबिराबद्दल मी एकच विचारते : संपल्यावर कोण कुणाला फोन करणार, हे ठरलं का?

भिवंडीत हेच ठरवलं गेलं होतं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते गाव होरपळलं होतं. १९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि पोलीस सणासुदीपुरते नाही, तर वर्षभर भेटत राहिले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. अलीकडचं उदाहरण तुमच्या घरातल्यांना चांगलं आठवत असेल. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. महाराष्ट्रात अनेक शहरांत मुस्लिम समाजानं आपली मिरवणूक पुढे ढकलली आणि सरकारनं ईदची सुट्टी २९ तारखेला नेली. असा निर्णय आपोआप होत नाही. कुणीतरी आधी कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसलेलं असतं. तुमच्या मुलीला हे ‘जाऊन बसणं’ शिकवायचं आहे.

त्यासाठी तिला काही कसब लागेल. ऐकणं हे पहिलं. दोन तास मध्ये न बोलता. मग कायदा. धर्माधर्मांत तेढ पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या १९६व्या कलमाखाली गुन्हा आहे, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत हेच १५३-अ होतं. जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलंय. तो आपल्याकडे कोण आहे हे प्रशिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. कुठलं बोलणं नुसतं कडू आणि कुठलं घातक, हे ओळखायला संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं २०१२ साली मोरोक्कोतल्या रबात इथे सहा कसोट्या ठरल्या. बोललं तेव्हा वातावरण काय होतं, बोलणारा कोण, त्याचा हेतू काय, शब्द आणि त्यांचं रूप कसं, ते किती लोकांपर्यंत गेलं, आणि त्यातून इजा होण्याची शक्यता किती. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिनला या सहा गोष्टी त्याच्या भाषेत, त्याच्याच फोनमधला एखादा मेसेज समोर ठेवून समजावता आल्या, तर समजा ती प्रशिक्षक झाली.

एक गोष्ट मी तिला फार आग्रहानं सांगेन. सलोखा आणि हक्क यांत तिनं गल्लत करू नये. दिवाळीचा फराळ तिकडे गेला, ईदचा शीरखुर्मा इकडे आला, छानच आहे, व्हायलाच हवं. पण नुसतं आडनाव ऐकून सोसायटीत भाड्यानं घर नाकारलं जातं, तेव्हा शीरखुर्मा उपयोगी पडत नाही. १९८५ साली केरळात यहोवाचे साक्षीदार या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहत, पण त्यांच्या श्रद्धेमुळे गात नसत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. ती तीन मुलं कुणाला आवडत होती की नाही, हा प्रश्नच नव्हता. आपल्याला न पटणाऱ्या माणसाचाही हक्क असतो, एवढं मंडळाच्या, मशिदीच्या, चर्चच्या आणि विहाराच्या कार्यकर्त्यांच्या गळी उतरवायचं. आणि त्या-त्या समाजातल्या आतल्या दुबळ्यांचाही हक्क असतो, बाईचा, वेगळं मत असणाऱ्याचा. हे शिकवताना ती सगळ्यांची थोडी नावडती होईल. त्याची तयारी आत्ताच ठेवायला सांगा.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. तो रास्त आहे. ‘सलोखा प्रशिक्षक’ अशी जाहिरात पेपरात येत नाही. या विषयावर काम करणाऱ्या संस्थांत सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो आणि नेमणूक प्रकल्पापुरती. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली बदल झाला. एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्यांच्या आधारानं चालणाऱ्या लहान संस्थांना याची झळ बसली. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी बहुतेक शिक्षण, आरोग्य, रोजगाराकडे जातो. म्हणून ‘याच कामाचा पगार’ या भरवशावर तिनं निघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी हातात एक पक्का पेशा हवा, आणि त्या पेशाच्या आत हे काम.

माझी पहिली पसंती कायद्याला. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी.; त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा. नाशकातच एन.बी.टी. विधी महाविद्यालय आहे, मराठा विद्या प्रसारक समाजाचं (मविप्र) विधी महाविद्यालय आहे, घर सोडायला नको. वकील झालेल्या मुलीला पोलीस ठाण्यात खुर्ची मिळते. हे बोलायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. दुसरा रस्ता समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, म्हणजे एम.एस.डब्ल्यू. किंवा तत्सम. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, इथे मविप्रचं समाजकार्य महाविद्यालय. तिथे गटाबरोबर आणि वस्तीत काम करण्याची खरी तालीम मिळते, आणि नोकऱ्या या विषयापुरत्या अडून राहत नाहीत. एमपीएससीचा विचार असेल तर तोही याच कामाचा आहे. शांतता समितीच्या बैठकीत तहसीलदार किंवा पोलीस अधिकारी कसा बोलतो, यावर पुढचे दहा दिवस ठरतात. परदेशी फेलोशिपा, संयुक्त राष्ट्रं वगैरे पाच-सात वर्षांच्या अनुभवानंतर बघावं. आत्ता त्या नादाला लागू नये.

पण प्रवेशाची वाट बघत बसायला नको. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक घेतात. तिथे अर्ज करू दे. मानधन थोडं मिळतं, शिकायला मात्र भरपूर मिळतं. उर्दू लिपी शिकून घे म्हणावं, दोन-तीन महिन्यांचं काम आहे. मोहल्ल्यातल्या भिंतीवरची पाटी वाचता आली की माणसं वेगळ्या नजरेनं बघतात. सिंगाडा तलावाचा गुरुद्वारा, नाशिकरोडचं बाळ येशू मंदिर, बौद्धांची त्रिरश्मी लेणी, म्हसरूळचं जैनांचं गजपंथ, बडी दर्गा, देवळालीतली पारशी मंडळी. एकेका रविवारी एकेका ठिकाणी जाऊन तिथल्या माणसाशी बोलावं आणि रात्री वहीत लिहावं. मुंबईत असगर अली इंजिनिअर यांनी १९९३ साली काढलेली सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलरिझम ही संस्था याच विषयावर शिबिरं आणि अभ्यास करते. त्यांचं काम तिनं जवळून पाहावं. आणि २०२७ चा सिंहस्थ आहेच. इतक्या मोठ्या गर्दीत स्वयंसेवक म्हणून उभं राहणं हे अफवा आणि धीर या दोन्हींचं शिक्षण असतं.

भीतीबद्दल. धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही. समाजमाध्यमांवर घाणेरडं बोललं जातं, ओळखीची माणसं अबोला धरतात. काही नियम घरातच ठरवा. तणाव असलेल्या जागी एकटीनं जायचं नाही. जमावासमोर उभं राहणं प्रशिक्षकाचं काम नाही, ते पोलिसांचं. ११२ लावायचा आणि मागे यायचं. कुठे जातेय, कुणाबरोबर, कधी परत, हे घरी सांगायचं. ज्या संस्थेत महिलांच्या तक्रारींसाठी समिती नाही, तिथे पाऊल टाकायचं नाही. आणि धमकी आली तर लपवायची नाही, त्याच दिवशी लेखी तक्रार द्यायची. तिचं बहुतेक काम भांडण पेटण्याच्या कितीतरी आधीचं आहे. तेवढं तिनं नीट ओळखलं तर तुमची झोप बरीचशी शाबूत राहील.

जाता जाता एक सुचवते. तुमचे यजमान मंडळाचे खजिनदार आहेत. वाकडी बारवेपासून निघणारी विसर्जनाची मिरवणूक दूध बाजार, भद्रकालीतून कशी जाते, कुठे वाद्यं थांबतात, कुठे कुणी पाणी वाटतं, काही खुट्ट झालं तर मंडळातला कोण तिकडच्या कोणाला फोन करतो, हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ असणार. मुलीला म्हणावं, वही घेऊन एक संध्याकाळ बाबांच्या दुकानात बस आणि हे सगळं लिहून घे. तिच्या कामातली पहिली मुलाखत ती. मग सीईटीचा फॉर्म भरण्याआधी तिघंही माझ्याकडे या, ती वही बरोबर आणा.