केळफूल, सावली आणि लिनो

प्रश्न : विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागावरच्या केळफुलांचे फोटो काढले, ट्रेस केले आणि लिनोवर (लिनोलियमचा तुकडा; कोरलेला भाग सोडून उरलेल्यावर शाई लावून छापायचा) हुबेहूब कोरले. तीन आठवडे गेले. ठसा मात्र लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यातल्या वेलबुट्टीसारखा दिसतो : काळ्यावर पांढऱ्या रेघाच रेघा. चुकलं कुठे? शिवाय जुनी नक्षी अशी उचलणं म्हणजे नक्कलच ना?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : कोरणीनं काही बिघडवलेलं नाही, घात ट्रेसिंग पेपरनं केला. मीही एकदा केळकर संग्रहालयातल्या कोरीव दाराचं पान न् पान असंच लिनोवर उतरवलं होतं. ठसा पाहून आईनं विचारलं, “मुंज कुणाची?”

वाड्याचं लाकूड खोल कोरलेलं आहे. तिथे पाकळी दिसते ती तिच्याखाली सावली पडते म्हणून. कडेनं कुणी रेघ मारलेली नाही. लिनोत ती खोली येत नाही. शाई लागते किंवा लागत नाही, संपलं. म्हणून मोबाइल घरी ठेवून, ऊन तिरपं असताना पुन्हा जा. डोळे किलकिले करा आणि जाड ब्रशनं फक्त सावल्या उतरवा. निम्मं फूल उजेडात विरून जाईल, जाऊ द्या. बघणाऱ्याचा डोळा ते पुरं करतो.

मग चार इंची चौकोनी तुकड्यावर फूल मुद्दाम एका कोपऱ्याकडे सरकवून कोरा. ठसा उलटा उमटतो, तेव्हा कोपरा आधीच ठरवा. तोच तुकडा पाव-पाव फिरवत शेजारी शेजारी चारदा छापा. मधोमध जो आकार तयार होतो तो वाड्यावर कुठेच नाही. मला या कामातला सगळ्यात आवडता क्षण तोच, पहिला कागद उचलतानाचा.

नक्कलीचं म्हणाल, तर हा वाडा दुसऱ्या बाजीरावानं १८०७ साली बांधला. त्याचे सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे, खांब मुघल वास्तूंतून आलेले. (हा सुरू म्हणजे सायप्रस, कोकणच्या किनाऱ्यावरचा वेगळा.) तिथे ते दगडात होते, इथल्या कारागिरांनी सागवानात आणले आणि सोबतीला परसातलं केळफूल टांगलं. त्यांनी ट्रेसिंग पेपर वापरला असता तर तुम्हाला केळफूल मिळालं नसतं.

जुना ब्लॉक टाकू नका. दहा मिनिटं उन्हात ठेवा, थंडीत लिनो फार कडक होतो. मग प्रत्येक पाकळीची उजेडाकडची बाजू, रेघेपासून सुरुवात करून, सपाट काढून टाका. दुसरा हात पात्याच्या पुढे नको. सावलीकडच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या राहतील. त्या आता बुजवता येणार नाहीत. दिसू देत.