काउंट, कोच आणि कॉलेज: ल्युकेमियाच्या उपचारातल्या मुलांविषयी तुमचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न अमेरिकेतल्या मराठी घरांतून आलेत. मुलं सतरा-अठराची, आजार अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल, रक्ताचा एक कर्करोग. पहिले कठीण महिने संपून आता मेंटेनन्स, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून चालणारा लांबचा टप्पा, सुरू आहे: रोज ६-एमपीची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, अधूनमधून व्हिन्क्रिस्टिन आणि स्टिरॉइड. उत्तरं वाचा, पण शेवटचा शब्द तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचा.

मुलगा १७ वर्षांचा आहे. हायस्कूलचा बेसबॉल कोच त्याला परत घ्यायला तयार आहे, डॉक्टरही ‘काउंट (रक्तपेशींची संख्या) बघून खेळू दे’ म्हणतात. त्याच्या बाबांचा मात्र ठाम नकार. छातीत पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) आहे, तिथे चेंडू बसला तर? – एक आई, न्यू जर्सी

बाबांची भीती खोटी नाही. साधारण १४५ ग्रॅमचा तो टणक चेंडू आहे. पण घरी बसवून ठेवण्यातही नुकसान आहे. स्टिरॉइडने हाडं आणि मांड्यांचे स्नायू आधीच कमजोर झालेले असतात आणि हालचालीशिवाय ते सावरत नाहीत. माझं मत विचाराल तर खेळू द्या, मात्र काही गोष्टी पाहून.

प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) ५०,००० च्या खाली असतील तर चेंडू अंगावर येईल असा कुठलाही खेळ नको. मेंटेनन्समध्ये न्यूट्रोफिल्स (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मुद्दामच ५०० ते १५०० च्या दरम्यान ठेवतात, त्यामुळे आकडा ‘नॉर्मल’ होण्याची वाट पाहत बसू नका. पण तो ५०० च्या खाली गेला की डगआउट (मैदानाकडेची खेळाडूंची बसायची जागा), लॉकर रूम आणि सगळ्यांची मिळून एक पाण्याची बाटली, हे बंद. पोर्टवर पॅडिंग असलेला चेस्ट गार्ड घालायचा आणि छातीवर झेप घेत बेस गाठायचा नाही, हे कोचच्याही कानावर घाला.

व्हिन्क्रिस्टिनने बोटांची पकड सैल होते, पाऊल नीट उचललं जात नाही. चेंडूच्या शिवणीवर बोटं ठरत नसतील किंवा बेसकडे धावताना तो अडखळत असेल, तर तो आळस नव्हे. फिजिओथेरपिस्टला दाखवा. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती खुब्याची आणि गुडघ्याची. दहा वर्षांवरच्या मुलांमध्ये स्टिरॉइडमुळे हाडाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरू शकतो (डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात). सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, एमआरआयमध्ये ते दिसतं. मुलं हे दुखणं लपवतात, कारण सांगितलं की खेळ बंद होणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून जांघेत किंवा गुडघ्यात दुखतंय का, हे त्याला सामन्याच्या दिवशी नव्हे, एरवी निवांत वेळी विचारा.

कॅचरची, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याची, जागा नको, तासन्‌तास उकिडवं बसणं त्याला झेपायचं नाही. ‘डिझिग्नेटेड हिटर’, म्हणजे फक्त फलंदाजी करणारा, ही जागा त्याच्यासाठी उत्तम. मेथोट्रेक्सेट आणि बॅक्ट्रिम (संसर्ग टाळायला देतात ते अँटिबायोटिक) यांमुळे ऊन लवकर बाधतं, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन चुकवू नका. स्टिरॉइडच्या पाच दिवसांत त्याची चिडचिड आणि भूक दोन्ही आभाळाला टेकतात. त्या दिवसांतल्या खेळावरून कोणी मत बनवू नये, त्याने स्वतःही नाही.

नातू बोस्टनजवळ असतो. तिथले बेसबॉल खेळाडू कॅन्सरच्या मुलांना भेटतात, मैदानावर त्यांच्यासाठी पैसे जमतात म्हणे. हा काय प्रकार आहे? आणि उपचार चालू असताना एवढ्या गर्दीत जावं का? – एक आजोबा, सातारा

आजोबा, आधी गोष्ट सांगतो. मे १९४८ मध्ये बोस्टनच्या रुग्णालयात खाटेवर असलेल्या बारा वर्षांच्या एका मुलाशी रेडिओवरून गप्पा मारल्या गेल्या. त्याला ‘जिमी’ हे टोपणनाव दिलं होतं. बोलता बोलता बोस्टन ब्रेव्हज संघाचे खेळाडू एकेक करून त्याच्या खोलीत आले. देशभरातून मदत आली आणि ‘जिमी फंड’ उभा राहिला. ब्रेव्हज १९५३ मध्ये शहर सोडून गेले, तेव्हा हे काम रेड सॉक्सने उचललं आणि आजही चालवलंय. तो मुलगा, आइनार गुस्ताफसन, बरा झाला, मोठेपणी ट्रक चालवू लागला, आणि तोच ‘जिमी’ हे जगाला १९९८ मध्ये कळलं. त्याला ल्युकेमिया नव्हता, आतड्याचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) होता.

ल्युकेमियाचा धागा मात्र बोस्टनच्याच बालरुग्णालयातल्या डॉ. सिडनी फार्बर यांच्याकडे जातो. १९४८ मध्येच त्यांनी अमिनोप्टेरिन देऊन ल्युकेमियाच्या मुलांचा आजार काही काळ मागे हटल्याचं प्रसिद्ध केलं. ते औषध लेडर्ले कंपनीत ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव, भीमावरमचे. तुमचा नातू आठवड्याला घेतो ते मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. आपल्याकडे त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं, असो.

रेड सॉक्सच्याच जॉन लेस्टरला २००६ मध्ये लिम्फोमा झाला. मे २००८ मध्ये त्याने ‘नो-हिटर’ टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट दिला नाही. कार्लोस कॅरास्कोला २०१९ मध्ये क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया निघाला आणि त्याच सप्टेंबरमध्ये तो परत चेंडू टाकत होता. हे नातवाला सांगताना एवढं जोडा की कॅरास्कोचा आजार वेगळा, त्यावर बहुधा रोजच्या गोळ्यांनी ताबा ठेवता येतो. त्याच्या वेळापत्रकाशी स्वतःची तुलना करून नातवाने खचू नये.

गर्दीचं म्हणाल, तर मैदान उघड्यावर असतं. काउंट बरे असतील तर जाऊ द्या. रांगेत मास्क, बसायला कडेची जागा आणि खोकणाऱ्यापासून लांब.

मुलगी १८ ची. ऑगस्टमध्ये चार तास दूरच्या विद्यापीठात जायचं म्हणते. आम्ही म्हणतो एक वर्ष थांब. – एक बाबा, टेक्सास

मेंटेनन्स सुरळीत असेल तर मी तिच्या बाजूने. मेंटेनन्सच्या आधीचे जड टप्पे बाकी असतील तर तुमच्या बाजूने, आणि प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का हे कॉलेजला आत्ताच विचारा.

जायचंच असेल तर आधी कॅम्पसजवळचं ऑन्कॉलॉजी केंद्र ठरवा. लहान मुलांच्या पद्धतीने उपचार करणारं असावं, कारण या वयात त्याच पद्धतीचे निकाल मोठ्यांच्या पद्धतीपेक्षा चांगले आलेत. ते तुमच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये आहे का, तेही पाहा. वयाच्या २६ पर्यंत ती तुमच्या विम्यावर राहू शकते. पण १८ पूर्ण झाल्यामुळे तिच्या लेखी संमतीशिवाय डॉक्टर तुम्हाला काही सांगायला बांधील नाहीत. संमतीचा फॉर्म आणि हेल्थकेअर प्रॉक्सी (तिच्या वतीने वैद्यकीय निर्णय कोणी घ्यायचे याचा कागद) निघण्याआधी करून घ्या. हायस्कूलच्या सवलती कॉलेजमध्ये आपोआप चालत नाहीत, डिसेबिलिटी ऑफिसात तिने स्वतः अर्ज करायचा. कमी विषय, परीक्षेची तारीख बदलणं, एकटीची खोली असं मागता येतं. गोवर किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत लसी तिला चालत नाहीत; सूट देणारं डॉक्टरांचं पत्र जोडा.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की टायलेनॉल (तापाची गोळी) घेऊन झोपायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं. रात्री दोनला तिथे कोण नेणार, हे आधी ठरवा आणि रूममेटला सांगून ठेवा. गर्भधारणेचा विषय आपल्या घरांत निघत नाही, पण मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. पुढच्या भेटीत तुम्ही दोघं पाच मिनिटं बाहेर बसा, तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या.

भाच्यासाठी गुळवेल आणि हळदीच्या कॅप्सूल पाठवू का? – एक मावशी, कोल्हापूर

नको. ६-एमपी आणि मेथोट्रेक्सेट यकृतावर ताण आणतातच, वर कॅप्सूल आल्या तर बिघाड कशाने झाला ते कळत नाही. भाजीतली हळद चालेल. मेतकूट पाठवा.

मी १८ चा आहे. आई गोळ्या देते तेव्हा ठीक असतं, पण मित्राकडे राहिलो की ६-एमपी विसरतो. एखादी चुकली तर काय होतं? आणि कॉलेजात पार्टीत एखादी बिअर? हे आईला माहीत नाही. – नाव नको

विचारलंस हे बरं केलंस. ल्युकेमियाच्या मुलांवर संशोधन करणाऱ्या डॉ. स्मिता भाटिया यांच्या गटाने गोळ्यांच्या बाटलीला इलेक्ट्रॉनिक झाकण लावून, ती कधी उघडली याची नोंद ठेवली. ज्यांनी ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका स्पष्टपणे जास्त निघाला. ९५ टक्के म्हणजे वीस गोळ्यांत एक चूक. पुष्कळ मुलांनी तोंडी सांगितलेला आकडा झाकणाच्या आकड्यापेक्षा मोठा होता, त्यामुळे ‘क्वचितच विसरतो’ यावर तूही विश्वास ठेवू नकोस.

चुकलेली गोळी भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस. फोनमध्ये गजर लाव, आठवड्याची डबी बॅगेतच ठेव. कॉलेज सुरू होण्याआधी निदान दोन महिने डबी तू भर, आईने फक्त रविवारी तपासावी. टीमला खरा आकडा सांग, नाहीतर रक्तात औषध कमी दिसलं म्हणून ते डोस वाढवतील. भारतीय वंशात आढळणाऱ्या एनयूडीटी१५ जनुकाच्या काही प्रकारांत ६-एमपीचा नेहमीचा डोसही जास्त होतो, तेव्हा ती चाचणी झाली आहे का ते विचार.

बिअर नको. तुझे लिव्हर रिपोर्ट बिघडले तर औषध थांबवावं लागतं. पार्टीला जा, हातात कोकचा ग्लास धर, कोणी विचारलं तर ‘अँटिबायोटिक चालू आहे’ म्हण.