वाचकांचे प्रश्न : नव्या चिनी रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना

प्रश्न : नुकत्याच सुरू झालेल्या एका उंची चिनी रेस्टॉरंटमध्ये आम्ही घरातले आठ जण आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त जाणार आहोत. मेनू आधीच पाहून ठेवला, परंतु तो इतका लांबलचक आहे आणि त्यातली नावे इतकी अनोळखी आहेत की, काय मागवावे ते कळेनासे झाले आहे. प्रत्येकाने आपापल्या आवडीचा एकेक पदार्थ मागवावा, की यामागे काही पद्धत असते?

उत्तर : पद्धत असते, आणि ती समजली की मेनूचे दडपण राहत नाही. मध्यभागी ठेवलेल्या पदार्थांतून सर्वांनी थोडे थोडे घ्यायचे आणि सोबत आपापल्या वाटीतला भात खायचा, या कल्पनेवर चिनी जेवण उभे आहे. मोठ्या टेबलांवर मधोमध फिरती चकती बसवलेली असते ती यासाठीच. त्यामुळे आठ जणांनी आठ दिशांनी विचार करण्यापेक्षा एकाने, फार तर दोघांनी, सर्वांची पथ्ये आणि आवडीनिवडी विचारून घेऊन संपूर्ण टेबलासाठी मागणी द्यावी. जितकी माणसे तितके पदार्थ आणि वर एखादा अधिक, एवढे साधारणपणे पुरते.

निवड करताना एकाच पद्धतीने शिजवलेले दोन पदार्थ शक्यतो घेऊ नयेत. एक वाफवलेला, एक मोठ्या आचेवर झटपट परतलेला, एक सोया सॉसमध्ये मंद आचेवर मुरत शिजलेला, एक कुरकुरीत, एक पालेभाजीचा आणि एक सूप, अशी मांडणी मनाशी धरली तर निम्मे काम झाले असे समजावे. झणझणीत पदार्थ एकामागून एक येत राहिले की जिभेला त्यांच्यातला फरक कळत नाही आणि वाफवलेल्या माशासारख्या नाजूक पदार्थावर अन्याय होतो. म्हणून प्रत्येक तिखट पदार्थाच्या शेजारी एक सौम्य पदार्थ असू द्यावा.

मागणी देण्यापूर्वी एक प्रश्न मात्र अवश्य विचारा : मुख्य शेफचा हात कोणत्या प्रांताच्या पाककलेत बसलेला आहे? चीनमध्ये परंपरेने आठ प्रमुख पाकशाखा मानल्या जातात आणि त्यांपैकी शांदोंग, सिच्वान, ग्वांगदोंग व ज्यांगसू या चारांना विशेष मान आहे. ग्वांगदोंगची, म्हणजे कँटनची, शाखा मूळ जिनसेची चव जपते. तिची परीक्षा वाफवलेला मासा, भाजलेले मांस आणि डिम सम, म्हणजे चहासोबत खायचे वाफवलेले किंवा तळलेले छोटे छोटे पदार्थ, यांत होते. सिच्वानचे स्वयंपाकघर मिरचीच्या जोडीला ह्वाज्याओ वापरते. ही मिरीसारखी दिसणारी, परंतु लिंबाच्या कुळातल्या झुडपाची फळे असून त्यांच्या सालींतल्या सॅन्शूल या द्रव्यामुळे जिभेला झिणझिण्या येतात आणि थोड्या वेळाने आपोआप ओसरतात. पहिल्यांदा खाणाऱ्याला काही तरी बिघडले असे वाटते, म्हणून आईवडिलांना आधी कल्पना द्यावी. शेफ कँटनच्या परंपरेतला असेल तर तिथे सिच्वानचा मापो टोफू मागवण्यात अर्थ नाही. ज्या स्वयंपाकघराचा जो हातखंडा, तोच खावा. उंची रेस्टॉरंटमध्ये आपण ज्या कौशल्याचे पैसे मोजतो, ते असे विचारल्यावाचून आपल्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.

समारंभाचे जेवण असल्याने बीजिंग पद्धतीच्या भाजलेल्या बदकाचा विचार जरूर करा, आणि त्याची मागणी आदल्या दिवशीच फोनवर नोंदवा. या पदार्थाला तयारीच फार लागते. बदकाची कातडी आणि चरबी यांच्यामध्ये हवा भरून त्यांना सुटे करतात, वरून उकळते पाणी ओततात, माल्ट साखरेच्या पाकाचा हात देतात आणि मग कातडी कोरडी पडेपर्यंत ते टांगून ठेवतात. या वाळवणीमुळेच ती भट्टीत काचेसारखी कुरकुरीत होते. बीजिंगमध्ये १८६४ साली स्थापन झालेल्या च्वानज्यूद या उपाहारगृहाने फळझाडांच्या लाकडावर, उघड्या भट्टीत बदक टांगून भाजण्याची पद्धत प्रसिद्धीस आणली. बदक टेबलाजवळ कापले जाते तेव्हा गप्पा थांबवून अवश्य पाहा, आणि सुरुवातीचे नुसत्या कातडीचे काप साखरेला लावून वडीलधाऱ्यांना द्या. नंतर पातळ पोळीत गोडसर पिठाचा सॉस, कांद्याची पात आणि काकडी घालून गुंडाळी करतात. उरलेल्या सांगाड्याचे सूप करून मिळेल का, हे विचारायला संकोचू नका. ती तिथली जुनीच रीत आहे.

अख्खा मासा मागवणार असाल तर त्याचा दर पुष्कळदा वजनावर असतो आणि मेनूवर आकडाच नसतो. वजन आणि एकूण किंमत आधी विचारून घेण्यात कोणताही कमीपणा नाही. मोठ्या मेजवानीत भात किंवा नूडल्स शेवटी येतात, म्हणून तुम्हाला ते पदार्थांबरोबरच हवे असल्यास मागणी देतानाच तसे सांगून ठेवा.

प्रश्न : मी आणि माझी बहीण पूर्ण शाकाहारी आहोत. मेनूवर टोफूचे आणि भाज्यांचे अनेक पदार्थ दिसतात. ते निःशंकपणे मागवता येतील का?

उत्तर : निःशंकपणे नाही. चिनी स्वयंपाकात मांस हा पुष्कळदा चव देणारा घटक असतो, त्यामुळे पदार्थाच्या नावात त्याचा उल्लेख येतोच असे नाही. मापो टोफूमध्ये परंपरेने खिमा असतो, परतलेल्या फरसबीतही तो बहुधा असतो, हिरव्या पालेभाजीवर कालवांपासून केलेला ऑयस्टर सॉस ओतलेला असतो आणि भाज्यांच्या सूपचा आधार कोंबडीचा किंवा डुकराच्या हाडांचा अर्क असू शकतो. म्हणून ‘यात मांस आहे का’ एवढे विचारून थांबू नका. अर्क कशाचा आहे, ऑयस्टर सॉस आहे का, सुकवलेली कोळंबी आहे का आणि चरबी कोणती वापरली आहे, हे चारही प्रश्न स्वतंत्रपणे विचारा आणि कढई धुऊन घेण्याची विनंती करा. ऑयस्टर सॉसऐवजी मशरूमपासून केलेला शाकाहारी सॉस मिळतो. चांगल्या स्वयंपाकघरात तो बहुधा असतोच.

मात्र निराश होऊ नका, कारण चीनमध्ये बौद्ध मठांची अत्यंत समृद्ध शाकाहारी परंपरा आहे. सहाव्या शतकात ल्यांग घराण्याच्या सम्राट वू याने भिक्षूंसाठी मांसवर्ज्य आहाराचा आग्रह धरला आणि मठांच्या पाकशाळांनी त्यातून टोफू, मशरूम, बांबूचे कोंब आणि गव्हाचे ग्लुटेन यांची एक स्वतंत्र कलाच उभी केली. लोहान चाय हा मिश्र भाज्यांचा पदार्थ त्याच परंपरेतला आहे. ईशान्य चीनमधला बटाटा, वांगे आणि ढोबळी मिरची यांचा दी सान श्यान हा पदार्थही तुम्हाला आवडेल. अशा मेनूवर ‘शाकाहारी बदक’ असे नाव दिसले तर तो टोफूच्या सायीचा किंवा ग्लुटेनचा पदार्थ असतो. तरीही एकदा खात्री करून घ्या.

प्रश्न : चॉपस्टिक्स नीट वापरता येत नाहीत. काटा-चमचा मागितला तर अशा ठिकाणी वाईट दिसेल का?

उत्तर : अजिबात नाही, निःसंकोच मागा. मात्र चॉपस्टिक्स वापरणार असाल तर त्या भातात उभ्या खोचून ठेवू नका, कारण मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांची ती खूण ठरते. त्या कोणाकडे रोखू नका, सामाईक पदार्थ त्यांनी चाळत बसू नका आणि वाढून घेण्यासाठी वेगळी जोडी ठेवलेली असेल तर तीच वापरा. चहा ओतताना आधी दुसऱ्यांचे कप भरावेत. चहाची किटली रिकामी झाली की झाकण थोडे सरकवून ठेवायचे, एवढ्यानेच वाढपी समजतो.

प्रश्न : चिनी पदार्थांतील अजिनोमोटोमुळे डोके दुखते असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. उंची रेस्टॉरंटमध्ये तो धोका नसतो का?

उत्तर : या भीतीचा उगम माहीत असणे फार आवश्यक आहे, कारण तिने एका संपूर्ण पाकपरंपरेवर विनाकारण डाग लावला. अजिनोमोटो या व्यापारी नावाने आपण ओळखतो ते द्रव्य म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळाच्या अर्कातून ग्लुटामेट वेगळे केले. १९६८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र छापून आले; चिनी रेस्टॉरंटमध्ये जेवल्यावर मानेला बधिरपणा आणि धडधड जाणवते, असे त्यात लिहिले होते आणि कारण म्हणून अनेक शक्यता मांडल्या होत्या. लोकांच्या लक्षात त्यांपैकी ग्लुटामेट तेवढे राहिले. नंतर खाणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही काय दिले आहे ते कळू न देता जे प्रयोग झाले, त्यांत अन्नातल्या नेहमीच्या प्रमाणात असा परिणाम सातत्याने दिसला नाही. पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये ग्लुटामेट नैसर्गिकरीत्याच भरपूर असते.

म्हणून उंची आणि साधे असा भेद येथे करू नका. चांगले स्वयंपाकघर अर्कासाठी कष्ट घेते, त्यामुळे त्याला या भुकटीची गरज कमी पडते, एवढेच. रक्तदाबाचे पथ्य असेल तर लक्ष द्यावे ते सोया सॉसमधल्या मिठाकडे. आणि गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो. तुम्हाला स्वतःला प्रत्येक वेळी त्रास जाणवत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवावे आणि तोवर तो पदार्थ टाळावा.

प्रश्न : मेनूवर शार्कच्या परांचे सूप सर्वांत महाग आहे. एकदा तरी घ्यावे का?

उत्तर : माझे स्पष्ट मत आहे की घेऊ नये. त्या परांना स्वतःची म्हणावी अशी चव नसते. जी चव लागते ती कोंबडी आणि हॅम यांच्या अर्काची असते, पर केवळ धाग्यांसारखा पोत देतात. त्यांच्यासाठी पुष्कळदा जिवंत शार्कचे पर कापून उरलेले शरीर समुद्रात टाकले जाते, आणि शार्कची संख्या अशा उपशातून सावरत नाही, कारण बहुतेक जाती उशिरा वयात येतात व त्यांना पिल्ले थोडी होतात. चीन सरकारने २०१३ साली शासकीय मेजवान्यांतून हे सूप बंद केले. तोच अर्क मशरूम किंवा खेकड्याच्या सूपमध्ये मिळत असेल तर ते मागवा.

प्रश्न : जेवणानंतर भविष्याची चिठ्ठी असलेले बिस्किट आले नाही. विसरले असतील का?

उत्तर : विसरले नाहीत. त्या बिस्किटाचे मूळ जपानमध्ये आहे आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातल्या जपानी स्थलांतरितांमुळे प्रसिद्ध झाले. चिनी जेवण कापलेल्या फळांनी किंवा लाल घेवड्याच्या गोड सूपने संपते.

प्रश्न : उद्घाटनानंतर पहिल्याच आठवड्यात आम्ही अशा एका रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. पाऊण तास काहीच आले नाही आणि मग सर्व पदार्थ एकदम आले. परतलेले पदार्थ खाईपर्यंत गार झाले. बिल पाहून वाईट वाटले. पुन्हा जावे का?

उत्तर : तुमची तक्रार अगदी रास्त आहे. मोठ्या चिनी स्वयंपाकघरात कढई, चिरकाम, वाफ, भाजणे आणि डिम सम यांचे विभाग वेगवेगळे असतात आणि एका टेबलाचे पदार्थ या सर्वांतून क्रमाने निघावे लागतात. हा मेळ पहिल्या काही आठवड्यांत बसलेला नसतो. पण परतलेल्या पदार्थाचा जीव त्याच्या धगधगीत कढईच्या वासात असतो. कँटनी लोक त्याला वोक हेय म्हणतात आणि टेबलावर आल्यावर काही मिनिटांतच तो विरतो. गार झालेला असा पदार्थ म्हणजे मागवलेला पदार्थ नव्हेच, म्हणून त्याच वेळी व्यवस्थापकाला बोलावून, आवाज न चढवता, नेमके काय झाले ते सांगायला हवे होते. नवे ठिकाण चालवणाऱ्याला असे नेमके बोलणे हवे असते, आणि बहुधा तो पदार्थ नव्याने करून दिला जातो.

महिना-दोन महिन्यांनी पुन्हा जा, परंतु शनिवार-रविवारची रात्र टाळा आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी डिम समसाठी जा. मागणी एकदम न देता दोन टप्प्यांत द्या. कोळंबीच्या हार गाव या मोदकांचे आवरण अर्धपारदर्शक आणि चिवट न होता लवचीक असेल, उचलताना फाटत नसेल, आणि आतली कोळंबी दाताखाली करकरीत लागत असेल, तर त्या स्वयंपाकघराचा हात चांगला आहे आणि त्या रात्री जे झाले ते केवळ नवखेपणाचे होते. कोळंबीलाच शिळेपणाचा वास असेल किंवा सॉस कॉर्नफ्लोअरने गिच्च झालेला असेल, तर त्याचा नवेपणाशी काही संबंध नाही आणि तिसऱ्यांदा जाण्याचे कारण नाही.