टर्मशीटवर सही केलीत, पण त्यांच्या फंडाचं वय विचारलंत का?

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नाशिकला द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदींचं ॲप, एका गुंतवणूक फंडाशी पाच महिने बोलणी, टर्मशीटवर (गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा प्राथमिक कागद) सही, आणि आता ते म्हणतायत की एक्सक्लुझिव्हिटी (त्या काळात दुसऱ्या कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत ही अट) आणखी 45 दिवस वाढवा. तिकडे ओळखीचे एक गृहस्थ 50 लाख घालायला तयार आहेत आणि तुम्ही त्यांना "जरा थांबा" म्हणताय. अगदी हेच मी 2019 मध्ये केलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधीच सांगतो, मी सीए नाही, वकील नाही. एकाच माणसाचा अनुभव समजून वाचा. डेक (गुंतवणूकदारांना दाखवायचं सादरीकरण) कसा करायचा, डीपीआयआयटीची म्हणजे सरकारकडची स्टार्टअप नोंदणी वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

आमचं काम सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या दूध संकलन केंद्रांचं. सकाळी सहाला कॅन उतरतात, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मशीनवरून थेट सॉफ्टवेअरमध्ये येतं, शेतकऱ्याच्या हातात पावती, दहा दिवसांनी बिल. केंद्रामागे महिना 1,000 रुपये. मुंबईत एका मोठ्या फंडाच्या पार्टनरने सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "दहा हजार केंद्रं मिळाली तर?" मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, वर्षाला 12 कोटी. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. चहा झाला, चांगलं बोलले, मला खाली लिफ्टपर्यंत सोडायला आले. मी घरी फोन करून सांगितलं की मीटिंग मस्त झाली.

ते टोपण का लागलं हे मला वर्षभराने कळलं. तुम्ही आत्ताच समजून घ्या. समजा फंड 400 कोटींचा आहे. पुढच्या राउंडमध्ये, म्हणजे कंपनी पुन्हा नवे पैसे उभारते तेव्हा, हिस्सा पातळ होत होत शेवटी त्यांच्याकडे 10 टक्के उरतात. म्हणजे एका कंपनीतून फंडाचे पैसे परत यायचे तर ती कंपनी 4,000 कोटींना जायला हवी. माझ्या 12 कोटींच्या विक्रीला अगदी दहापट भाव धरला तरी 120 कोटी, त्यांच्या वाट्याला 12. धंदा चांगला होता, पण त्यांच्या हिशेबात तो कुठेच बसत नव्हता. त्यांच्या बहुतेक कंपन्या बुडणार किंवा रखडणार हे त्यांनी धरलेलंच असतं, एक-दोन कंपन्यांनी सगळं भरून काढायचं असतं. ही रीत जुनी आहे. अमेरिकेतल्या एआरडी या व्हेंचर कॅपिटल कंपनीने 1957 मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कॉम्प्युटर कंपनीत 70 हजार डॉलर घातले आणि त्या एका गुंतवणुकीने बाकीच्या सगळ्या झाकून टाकल्या. म्हणून "आम्ही नफ्यात आहोत" या वाक्याने बँक मॅनेजर खूश होतो, व्हीसी (असे फंड चालवणारा व्हेंचर कॅपिटलवाला) होत नाही.

आता माझी खरी चूक. त्यानंतर दुसरा एक फंड भेटला. नाव घेत नाही. त्यांनी दोन महिन्यांत टर्मशीट दिली, 60 दिवसांची एक्सक्लुझिव्हिटी. टर्मशीट बंधनकारक नसते असं सगळे सांगतात आणि ते बरंचसं खरंही आहे, पण गुप्तता आणि एक्सक्लुझिव्हिटी ही दोन कलमं बहुधा बंधनकारक असतात. म्हणजे बांधले जातो आपण, ते नाहीत. साठाचे नव्वद झाले, मग एकशेवीस. दर आठवड्याला नवीन एक्सेल. केंद्रनिहाय आकडे दिले की तालुकानिहाय मागायचे, तेच करार तीन वेगवेगळ्या मुलांनी तीनदा मागितले. आमच्याच भागातले एक शीतकरण केंद्राचे मालक 60 लाख द्यायला तयार होते, त्यांना मी थांबवून ठेवलं. शेवटी त्यांनी ते पैसे दुसरीकडे गुंतवले. दोन महिने पगार थकले, दोन चांगली मुलं सोडून गेली. आणि मग तीन ओळींची मेल आली: कमिटीत एकमत झालं नाही.

नंतर कळलं, त्या फंडाला सातवं वर्ष चालू होतं. बहुतेक फंडांचं आयुष्य आठ-दहा वर्षांचं, वर फार तर दोन वर्षांची मुदतवाढ. नवीन गुंतवणुका पहिल्या चार-पाच वर्षांत होतात, उरलेले पैसे जुन्या कंपन्यांच्या पुढच्या राउंडसाठी राखलेले असतात. त्यांच्याकडे नव्या कंपनीसाठी जवळपास काही नव्हतंच. तरी त्यांनी मला चार महिने अडकवलं. याचा राग अजून गेलेला नाही. सरळ "नाही" म्हणायला काय जातं? पण नाही म्हटलं की दार बंद होतं, आणि उद्या तुम्ही मोठे झालात तर त्यांना ते दार उघडं हवं असतं. ताटकळण्याचा खर्च आपला, त्यांना काहीच पडत नाही.

आणि हे मला पाच मिनिटांत कळलं असतं. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एआयएफची (असे फंड ज्या प्रकारात नोंदले जातात तो प्रकार) यादी आहे, नोंदणी क्रमांकातच आर्थिक वर्ष असतं. एकाच नोंदणीखाली नवी स्कीम (वेगळे पैसे उभारलेला नवा फंड) असू शकते, म्हणून तोंडावर विचारा: ही गुंतवणूक कोणत्या स्कीममधून, तिचं पहिलं क्लोजिंग (पैसे उभारण्याचा पहिला टप्पा पूर्ण होणं) कधी झालं, गेल्या बारा महिन्यांत नव्या किती कंपन्यांना चेक दिला? चांगला माणूस राग मानत नाही. जो मानतो त्याच्याकडून पैसे घेऊच नयेत, हे माझं मत.

जाता जाता, टर्मशीटमध्ये लिक्विडेशन प्रेफरन्स (कंपनी विकली तर आधी कोणाला किती मिळणार ते कलम) बघा. 6 कोटी देऊन 20 टक्के घेतले आणि कंपनी 10 कोटींना गेली, तर साध्या 1x मध्येही, म्हणजे घातले तेवढेच आधी परत, ते आधी 6 उचलतात. पार्टिसिपेटिंग असेल तर 6 घेऊन उरलेल्या 4 मध्येही वाटा, म्हणजे 6.8. व्हॅल्युएशनवर भांडणारे हे कलम वाचतच नाहीत.

त्या 50 लाखवाल्या गृहस्थांचे पैसे घ्यायचं ठरलं तर थेट चालू खात्यात घेऊ नका. प्रायव्हेट प्लेसमेंटला (ठरावीक लोकांना शेअर देऊन पैसे घेणं) स्वतंत्र खातं लागतं, 60 दिवसांत शेअरवाटप करावं लागतं आणि पीएएस-3 हा शेअरवाटपाचा फॉर्म भरेपर्यंत पैशाला हात लावता येत नाही. सीएसला (कंपनी सेक्रेटरी) विचारून करा. आमच्या वेळची एंजल टॅक्सची (वाजवी किमतीपेक्षा जास्त भावाने शेअर दिले तर वरच्या रकमेवर लागणारा कर) भीती मात्र आता नाही, 2024 च्या अर्थसंकल्पात तो काढून टाकला.

मुदतवाढीवर अजून सही केली नसेल तर करू नका. त्यांना कळवा की बोलणी चालू ठेवू, पण मोकळेपणाने. आधीची मुदत नक्की कोणत्या तारखेला संपते ते कागदावर बघा, आणि तो परिच्छेद नावं झाकून इथे टाका. मी आज रात्री बघतो.