गोल्फ क्लबचे सदस्यत्व घ्यावे का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मुंबई आणि परिसरातील वाचकांनी गोल्फ क्लबच्या सदस्यत्वाविषयी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. शुल्काचे आकडे वाचकांनी कळवलेले आहेत. प्रत्येक क्लबची नियमावली वेगळी असते, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी आपल्या क्लबची नियमावली मागून घ्यावी आणि पूर्ण वाचावी.

प्रश्न : माझे वय ४४ असून मी मुलुंडला राहतो. दीड वर्षांपूर्वी ड्रायव्हिंग रेंजवर गोल्फ शिकलो. आता मित्रांचा पाहुणा म्हणून जमेल त्या रविवारी खेळतो. एका क्लबने १५ लाख रुपये प्रवेश शुल्क आणि ६० हजार रुपये वार्षिक वर्गणी सांगितली आहे. पैसे उभे करता येतील, पण ते सार्थकी लागतील का?

उत्तर : हौसेला मोल नसते हे खरे, पण या हौसेचा वार्षिक खर्च मात्र नेमका काढता येतो आणि तो आधी काढलेला बरा. प्रवेश शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरला, तर १५ लाखांचे १७ लाख ७० हजार होतात. ही रक्कम परत मिळणारी नाही. ती अन्यत्र गुंतवली असती तर कर वजा जाता ६ टक्के मिळाले असते असे समजू आणि तुम्ही पुढची २० वर्षे खेळाल असे धरू. या हिशेबाने एकट्या प्रवेश शुल्काचा भार वर्षाला सुमारे १ लाख ५४ हजार रुपये पडतो. वर्गणी जीएसटीसह ७० हजार ८०० रुपये होते. म्हणजे मैदानावर पाऊल ठेवले नाही तरी वर्षाला सव्वादोन लाख रुपये खर्ची पडणार. पाहुणा म्हणून खेळताना सदस्यापेक्षा एका राउंडला (मैदानाच्या एका पूर्ण फेरीला) साडेतीन हजार रुपये जास्त मोजावे लागतात असे गृहीत धरले (येथे तुमच्या क्लबचा खरा आकडा घालावा), तर दोन्ही पारडी समान व्हायला वर्षाला ६४ ते ६५ राउंड खेळावे लागतील.

आता मुंबईचे हवामान ध्यानात घ्या. जून ते सप्टेंबर हे चार महिने गोल्फसाठी जवळपास हातचे जातात. मैदान उघडे असले तरी फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या मुख्य गवताळ पट्ट्यावर, पाणी साचलेले असते, चेंडू पडतो तेथेच चिखलात रुततो, आणि जोराचा पाऊस झाला की काही होल (मैदानाचे टप्पे) बंद ठेवावे लागतात. उरलेल्या ३५ आठवड्यांत फक्त रविवारी खेळणारा माणूस एकही रविवार न चुकवता ३५ राउंड खेळेल आणि त्याला प्रत्येक राउंड सुमारे साडेसहा हजारांना पडेल. त्यात लग्नकार्ये, मुलांच्या परीक्षा आणि कार्यालयीन प्रवास वजा केले, तर २५ राउंड झाले तरी पुष्कळ झाले म्हणायचे. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याच्याच हातून ६५ चा आकडा गाठला जातो.

म्हणून माझ्या मते या निर्णयात शुल्कापेक्षा किती मोकळ्या सकाळी मिळतात हे महत्त्वाचे आहे. १८ होलच्या एका राउंडला चार ते साडेचार तास लागतात. मुलुंडहून जाण्यायेण्याचा वेळ आणि खेळानंतरचा चहा-नाश्ता धरला, तर अर्धा दिवस जातो. मागील १२ महिन्यांची स्कोअरकार्डे काढा आणि प्रत्यक्ष किती राउंड खेळलात ते मोजा. “सदस्य झालो की जास्त खेळेन” असे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, परंतु सदस्यत्वामुळे मैदानात शिरण्याचा हक्क मिळतो, मोकळी सकाळ मिळत नाही. तुमच्या बाबतीत आकडा ४० च्या आत असेल, तर आणखी एक हंगाम, म्हणजे ऑक्टोबर ते मे, पाहुणा म्हणूनच खेळावे असा माझा सल्ला आहे. मात्र एकच पाहुणा वर्षातून किती वेळा आणता येतो यावर अनेक क्लबांत मर्यादा असते, तिची चौकशी करून ठेवा.

आणखी एक गोष्ट अवश्य करा. एखाद्या शनिवारी पहाटे सहाच्या आधी मित्रासोबत पहिल्या टीपाशी, म्हणजे जेथून खेळ सुरू होतो तेथे, जाऊन उभे राहा. किती जण रांगेत आहेत, ठरल्या वेळेला किती गट निघतात, आधीच ठरलेल्या जुन्या चौकड्यांनी सकाळचे सगळे टी टाइम (खेळ सुरू करण्याच्या वेळा) भरून गेले आहेत का आणि नव्या सदस्याच्या वाट्याला साडेनऊचे ऊन येते का, हे स्टार्टरच्या (गटांना क्रमाने सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) टेबलावरचा कागद पाहिला की दहा मिनिटांत कळते. एप्रिलमध्ये साडेनऊला सुरू झालेला राउंड दुपारी दोनला संपतो. १५ लाख भरून तेवढेच मिळणार असेल, तर ते आधी कळलेले चांगले.

प्रश्न : माझे वडील एका जुन्या क्लबचे अनेक वर्षे सदस्य आहेत. मी ३२ वर्षांचा असून दादरला राहतो. त्यांच्यानंतर सदस्यत्व माझ्या नावावर होईल का? ही कुटुंबाची मालमत्ता समजावी का?

उत्तर : मालमत्ता समजू नये. आपल्याकडील बहुतेक जुने क्लब सदस्यांनी सदस्यांसाठी चालवलेल्या संस्था आहेत. त्यांचे सदस्यत्व हा व्यक्तीला मिळालेला हक्क असतो, ते बाजारात विकता येत नाही आणि मृत्युपत्रात लिहून देताही येत नाही. आश्रित अपत्य म्हणून मिळणारी सवलत ठरावीक वयाला संपते. ही वयोमर्यादा अनेक ठिकाणी २१ किंवा २५ वर्षांची असते, त्यामुळे तुमची ती सवलत बहुधा संपलेली आहे.

तरीही सदस्यांच्या मुलांसाठी अनेक क्लबांत स्वतंत्र प्रवर्ग असतो. त्यात शुल्क कमी असते आणि प्रतीक्षा यादीत प्राधान्य मिळते. येथे खरा धोका मुदतीचा असतो. वय उलटल्यावर ठरावीक काळात अर्ज केला नाही, तर तो हक्क कायमचा जातो आणि मग बाहेरच्या माणसासारखी रांग धरावी लागते. काही क्लबांत तर रांगही नसते. हाजी अलीजवळचा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब १९१८ मध्ये तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने, भारतीय आणि युरोपीय दोघांनाही प्रवेश देणारा म्हणून सुरू झाला. आज त्याचे सामान्य सदस्यत्व बाहेरच्यांसाठी अनेक वर्षे बंद आहे. तेव्हा वडिलांनाच सोबत घेऊन क्लबच्या सचिवांना भेटा आणि तुमच्या अर्जाची स्थिती त्यांच्याकडून लेखी घ्या.

प्रश्न : वांद्रे-कुर्ला संकुलातील माझी कंपनी पगारवाढीचा काही भाग कमी करून त्याऐवजी गोल्फ क्लबचे कॉर्पोरेट सदस्यत्व देऊ करत आहे. कराच्या दृष्टीने हे फायद्याचे आहे का?

उत्तर : थोडा फायदा आहे, परंतु दिसतो तेवढा नाही. कंपनीने कॉर्पोरेट सदस्यत्वासाठी भरलेले सुरुवातीचे प्रवेश शुल्क कर्मचाऱ्याच्या करपात्र सुविधांत धरले जात नाही. वार्षिक वर्गणी आणि क्लबमधला तुमचा खर्च कंपनीने भरला, तर तो मात्र तुमच्या पगारात मिळवून त्यावर कर लागतो. अपवाद एवढाच की तो खर्च पूर्णपणे कामासाठी झाला असला पाहिजे आणि तारीख, कारण यांच्या तपशिलासह कंपनीने तशी नोंद ठेवली असली पाहिजे. कंपनीच्या बाजूने पाहिले तर क्लबचे शुल्क व्यवसायाचा खर्च म्हणून मान्य होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये युनायटेड ग्लास प्रकरणात स्पष्ट केले. त्या शुल्कावरील जीएसटीची वजावट मात्र कंपनीला मिळत नाही. म्हणून तो भार पगारवाढीच्या वाटाघाटीत तुमच्याकडे सरकवला जात नाही ना, हे पाहा.

माझा आक्षेप कराच्या पलीकडचा आहे. हे सदस्यत्व कंपनीचे असते, तुम्ही फक्त तिने नाव दिलेले प्रतिनिधी असता. नोकरी सोडली की दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसऱ्याचे नाव जाते. सोडलेली पगारवाढ मात्र पुढच्या प्रत्येक वाढीच्या आधारातून वजा होते आणि मूळ वेतन कमी राहिल्यास भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही कमी होते. याच कंपनीत पाच-सात वर्षे राहण्याचा तुमचा विचार पक्का नसेल, तर पगारवाढच घ्यावी.

प्रश्न : मी चेंबूरला राहते. घरात गोल्फ खेळते ती मी, माझे पती क्वचित खेळतात. सदस्यत्वाचा अर्ज मात्र पतीच्या नावाने भरून मला पत्नी म्हणून जोडावे, असे सगळे सुचवत आहेत. खर्च तोच आहे, मग फरक काय पडतो?

उत्तर : फरक मोठा पडतो आणि अर्ज तुमच्याच नावाने भरावा असे मी आग्रहाने सांगेन. मूळ सदस्याच्या जोडीदाराला मैदान, जेवणघर, पोहण्याचा तलाव हे सगळे वापरता येते, त्यामुळे रोजच्या व्यवहारात भेद जाणवत नाही. तो जाणवतो निर्णयाच्या वेळी. वार्षिक सभेत मत देण्याचा, समितीच्या निवडणुकीला उभे राहण्याचा आणि नव्या सदस्यासाठी प्रस्तावक किंवा अनुमोदक होण्याचा अधिकार सामान्यतः मूळ सदस्याचा असतो. मैदानाची दुरुस्ती कधी करायची, महिलांच्या टी कोठे असाव्यात, आठवड्यातील कोणत्या सकाळी स्पर्धांसाठी राखून ठेवायच्या, हे प्रश्न समितीत सुटतात. जी व्यक्ती आठवड्यातून तीनदा मैदानावर असते, तिला या प्रश्नांवर मत नसावे आणि क्वचित येणाऱ्याला असावे, हे मला पटत नाही.

दुसरी बाजू बोलायला अवघड आहे, पण बोलली पाहिजे. मूळ सदस्याच्या निधनानंतर किंवा घटस्फोटानंतर जोडीदाराचे काय होते, याचे उत्तर प्रत्येक क्लबात वेगळे आहे. विधवा पत्नीला अनेक ठिकाणी सदस्यत्व पुढे चालू ठेवता येते, मात्र त्यासाठी ठरावीक मुदतीत अर्ज आणि कधी कधी वेगळे शुल्क लागते. घटस्फोट झाल्यास जोडीदाराचा हक्क बहुधा संपतो. त्या काळात माणसाला आपल्या चौकडीची, रोजच्या मैदानाची सर्वाधिक गरज असते आणि नेमके तेव्हाच दार बंद होते. नियमावलीत ‘जोडीदार’ हा शब्द जेथे जेथे येतो ते प्रत्येक कलम पेन्सिलने खूण करून वाचा. “सदस्य आणि त्याची पत्नी” अशी जुनी शब्दरचना असेल, तर महिला मूळ सदस्याच्या पतीला तोच हक्क मिळतो का, हे लेखी विचारा.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने महिलांना सदस्य करून घेण्याचा ठराव २०१४ मध्ये मंजूर केला, तोपर्यंत जवळपास २६० वर्षे दार बंदच होते. तुमच्या बाजूने एक गोष्ट मात्र भक्कम आहे. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा (तो जितका कमी तितका खेळ चांगला), ज्याच्या त्याच्या नावावर असते. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० स्कोअरपैकी सर्वोत्तम ८ धरले जातात आणि कमाल मर्यादा स्त्री-पुरुष दोघांसाठीही ५४ आहे. अर्जासोबत तुमचे हँडिकॅप जोडा. समितीपुढे आपण खरोखर खेळणारे आहोत याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

प्रश्न : मी निवृत्त असून खारघरला राहतो. आठवड्यातून दोनदा खेळण्यासाठी खासगी क्लब आवश्यक आहे का?

उत्तर : नाही. सिडकोने विकसित केलेले खारघर व्हॅली गोल्फ कोर्स तुमच्या दारात आहे आणि तेथे शुल्क भरून कोणालाही खेळता येते. कामाच्या दिवशी सकाळी मोकळे असणे ही निवृत्त माणसाची मोठी सोय आहे. अधिकृत हँडिकॅप हवे असेल तर त्याची सोय कशी होईल, एवढे तेथे विचारून घ्या. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबसारख्या १९२७ पासूनच्या मैदानाची गंमत निराळी आहे यात शंका नाही, पण निवृत्तीच्या ठेवी मोडून ती घेऊ नये. कधीतरी तेथील सदस्य मित्राचा पाहुणा म्हणून जावे.

प्रश्न : एका मध्यस्थाने ३ लाख रुपये रोख दिल्यास प्रतीक्षा यादीत वर घेण्याचे आश्वासन दिले आहे. विश्वास ठेवावा का?

उत्तर : मुळीच ठेवू नये. सदस्यत्व देण्याचा अधिकार समितीचा असतो, अर्जाला प्रस्तावक आणि अनुमोदक लागतात, नाव सूचनाफलकावर लागते आणि अनेक ठिकाणी गुप्त मतदानही होते. या साखळीत मध्यस्थाला जागाच नाही. रोख रकमेची पावती मिळणार नाही, आणि ही बाब उघड झाली तर अर्ज कायमचा बाद होऊ शकतो.

अर्जासोबत क्लब स्वतः अनामत मागत असेल, तर ती क्लबच्या बँक खात्यातच भरा. नाव नाकारले गेल्यास ती किती दिवसांत परत मिळेल आणि तोवर व्याज मिळेल का, हे लेखी घ्या. त्याच पत्रात जमिनीच्या भाडेपट्ट्याची मुदत कधी संपते हेही विचारा. मुंबईतील अनेक क्लब आणि क्रीडांगणे सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने उभी आहेत. महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, प्रश्न दशकभर रेंगाळला आणि २०२४ मधील निर्णयानुसार २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचे ठरले. शहराला मोकळी जागा मिळणे योग्यच आहे. पण २० वर्षांच्या हिशेबाने शुल्क भरणाऱ्याला पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत हे आधी कळले पाहिजे, आणि क्लबने त्याचे उत्तर टाळले तर धनादेश लिहू नये.