संघ रोज हरत असताना चाहत्याला नेमका कशाचा त्रास होतो?

आपण विचारले आहे की, २०२४ च्या मोसमात शिकागो व्हाइट सॉक्स हा अमेरिकेतील बेसबॉल संघ सतत हरत असताना त्यांचे चाहते एवढे का चिडले होते, आणि तरीही सामने का पाहत राहिले. मी शिकागोत राहतो. या संघाने ८८ वर्षांनी, २००५ मध्ये, वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली तेव्हापासून मी त्याचा चाहता आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो.

त्या मोसमातील १६२ सामन्यांपैकी संघाने ४१ जिंकले आणि १२१ गमावले. न्यूयॉर्क मेट्सच्या १९६२ मधील १२० पराभवांचा विक्रम त्यामुळे मागे पडला. क्रिकेटमध्ये एखादी मालिका हरल्यावर मन सावरायला थोडे दिवस मिळतात. बेसबॉलमध्ये मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो आणि कालचा पराभव पचण्याआधीच आजचा पहिला डाव सुरू होतो. १० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात आम्ही लागोपाठ २१ सामने हरलो. सहा ऑगस्टला ओकलंडमध्ये ती साखळी तुटली, तेव्हा इथे मध्यरात्र जवळ आली होती आणि मी एकटाच जागा होतो.

मला पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरायची सवय आहे. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाला, की चौकोनात के (K) लिहायचा आणि बॅटर बॅट न फिरवताच बाद झाला तर तोच के उलटा काढायचा. पहिल्याच सामन्यात आमचा पिचर (चेंडू टाकणारा) गॅरेट क्रोशे याने डेट्रॉइटविरुद्ध सहा डावांत आठ स्ट्राइकआउट घेतले आणि केवळ एक धाव दिली, तरी आम्ही १-० ने हरलो. माझ्या कार्डावर त्याची बाजू के अक्षरांनी सजली होती आणि आमच्या फलंदाजांची बाजू कोरडी राहिली होती. पुढे मोसमभर हेच चालले. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावावरही लिहिला जातो; क्रोशेने २०९ स्ट्राइकआउट घेऊनही त्याच्या नावावर ६ विजय आणि १२ पराभव लागले, कारण संघाच्या मोसमभराच्या धावा होत्या ५०७, म्हणजे सामन्यामागे जेमतेम तीन.

माझा खरा राग मात्र या आकड्यांच्या मागे आहे. २०२१ मध्ये याच संघाने ९३ सामने जिंकून लीगमधील आपल्या विभागात पहिला क्रमांक मिळवला होता आणि हे तरुण खेळाडू आता काही वर्षे गाजवणार, अशी आम्हा सर्वांची खात्री होती. २०२२ मध्ये विजय आणि पराभव समसमान झाले, तर २०२३ मध्ये १०१ पराभव पदरी पडले. मग मार्च २०२४ मध्ये आमचा पिचर डिलन सीझ याला सॅन डिएगोच्या संघाकडे पाठवण्यात आले. आमची पराभवांची साखळी सुरू असतानाच, २५ जुलैला, त्याने नव्या संघाकडून एकही हिट न देता, म्हणजे कोणत्याही बॅटरला चेंडू फटकावून बेस गाठू न देता, संपूर्ण सामना टाकला. मला त्याचा मनापासून आनंद झाला, आणि त्यानंतर मी बराच वेळ गप्प बसून राहिलो. आमचे फलंदाज लुईस रॉबर्ट आणि योआन मोंकाडा यांच्या दुखापतींबद्दल मी कोणालाही दोष देणार नाही, परंतु त्यांच्या जागी उभे राहू शकतील असे खेळाडू तयार ठेवणे हे व्यवस्थापनाचे काम होते आणि ते झाले नाही, असे माझे ठाम मत आहे.

चोवीस सप्टेंबरला, १२० पराभव झालेले असताना, घरच्या मैदानावर एंजल्स संघाविरुद्ध आम्ही पिछाडीवर होतो. आठव्या डावात तीन धावा निघाल्या आणि सामना ३-२ असा आमचा झाला. प्रेक्षक जल्लोषही करत होते आणि संघ विकून टाका, अशा घोषणाही देत होते, आणि मला त्या दोन्हींमध्ये काहीही विसंगत वाटले नाही. हरलेल्या मोसमाच्या शेवटच्या आठवड्यातही आमचे तरुण खेळाडू जीव तोडून धावत पहिला बेस (धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरचा पहिला टप्पा) गाठत होते, म्हणून मी सामने पाहत राहिलो. त्यांनी एंजल्सविरुद्धच्या त्या मालिकेतील तिन्ही सामने जिंकले.

सत्तावीस सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये १२१ वा पराभव झाला. समोर डेट्रॉइटच्या टायगर्स संघाचे खेळाडू प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, पोहोचल्याचा आनंद साजरा करत होते. याच टायगर्सनी २००३ मध्ये ११९ सामने गमावले होते आणि २००६ मध्ये ते वर्ल्ड सिरीज खेळले होते. त्या रात्रीचे कार्ड मी शेवटच्या चौकोनापर्यंत भरले आणि तारीख घालून बाकीच्या कार्डांबरोबर ठेवून दिले.