लग्नासाठी पहिली मोठी लेन्स ७०-२०० च घ्यावी का?

भावा, तुझ्याकडे कॅनन २००डी आहे, तिच्यासोबत आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ५० एफ १.८ आहे. (१८-५५, ५० हे मिलिमीटर, आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं; एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त.) खानापूर-नंदगड भागातली लग्नं मिळायला लागलीत, तर हप्त्यावर ७०-२०० एफ २.८ घेऊ का, असं विचारलंयस. इतक्यात नको. आधी १७-५० एफ २.८ घे, सिग्माची किंवा टॅमरॉनची, सेकंड हँड चालेल. ७०-२०० लागेल त्या दिवशी भाड्याने आण की.

बॅकग्राउंड किती उडतं, म्हणजे धूसर होतं, ते बघून लोक लेन्स घेतात. मी एवढंच विचारतो, अक्षता पडताना तू उभा कुठे असणार? शेवटच्या मंगलाष्टकेला आपल्याकडे स्टेजवर कोण कोण असतं ते आठव. अंतरपाट धरलेले भटजी, दोन्हीकडचे मामा, करवल्या, व्हिडिओवाला, त्याचा लाईट धरणारा पोरगा, आणि मोबाईल वर करून घुसलेली निम्मी भावकी. 'सावधान' झालं, अंतरपाट बाजूला गेला की दोघं एकमेकांकडे बघतात ते काही सेकंदच. खाली लांब उभं राहून ७०-२०० लावलीस तर फ्रेममध्ये पाहुण्यांच्या पाठी आणि फेटे. वर चढलास तर नवरा-नवरी सहा-सात फुटांवर, आणि तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, क्रॉप, म्हणून ७० म्हणजे मोठ्या फुल फ्रेम सेन्सरवरच्या ११२ सारखी. तेवढ्या अंतरावरून आडव्या फ्रेमची रुंदी जेमतेम दोन फूट. एकीचा चेहरा आणि दुसऱ्याचं अर्धं बाशिंग, संपलं.

१७-५० तिथे २७ ते ८० सारखी चालते. १७ ला अख्खा स्टेज, अक्षता टाकणारे हातसुद्धा. ५० ला नवरीचा चेहरा. सगळं जागेवरून, कारण पाय हलवायला जागाच नसते.

आता म्हणशील, १८-५५ पण तेच करते की. करते, पण ५५ ला ती ५.६ वर येऊन बसते. २.८ म्हणजे दोन स्टॉप, चौपट उजेड. कार्यालयात जिथे आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायचं सेटिंग, वाढवलं की फोटोत दाणे येतात) ६४०० लागतो तिथे १६०० वर भागतं. शालूची जर झूम करून बघ, फरक लगेच कळेल. आणि ५० एफ १.८ ने उजेड मिळतो हे खरं, पण दोन मीटरवरून १.८ ला शार्प राहणारा पट्टा साधारण ११ सेंटिमीटरचा. जरा तिरका उभा राहिलास की नवरी शार्प, नवरा पुसट. मग अल्बम आला की नवऱ्याची आई तेच पान धरून बसते. अक्षतांच्या वेळी ५० ची लेन्स काढूच नको. नवरीच्या खोलीत खिडकीच्या उजेडात, बांगड्या भरताना, पाठवणीला आईच्या चेहऱ्यावर ५० सारखी लेन्स नाही. ग्रुप फोटोला १७ वर जाऊ नको, कडेची काकू विनाकारण रुंद होते. दोन पावलं मागे सर, २४-२५ ला ठेव, एफ ५.६ किंवा ८.

दारातल्या मांडवाचं वेगळंच. मुहूर्त दुपारी बाराच्या पुढचा, वर गुलाबी नाहीतर निळं कापड, आणि त्यातून गाळून आलेलं ऊन सगळ्यांच्या तोंडावर. फ्लॅश वर मारलास तर तोही गुलाबी होऊन खाली येतो. यावर लेन्स हे औषध नाही. आदल्या दिवशी मांडववाल्याला फोन करून स्टेजच्या वर तेवढं पांढरं कापड बांधायला सांग. बहुतेक जण बांधतात, आणि त्याने जेवढा फरक पडतो तेवढा लाखाच्या लेन्सने पडत नाही. मागे एलईडी वॉल असेल तर शटर १/१०० सेकंदापेक्षा वेगवान करताना जपून, फोटोत पट्टे येतात.

७०-२०० वाईट नाही हां. हायवेकडच्या मोठ्या लॉनवरचं रिसेप्शन, रस्त्यावरची वरात, राजहंसगडावरचं प्री-वेडिंग, तिथे ती हवीच. पावसाळ्यात गोकाकच्या धबधब्याला तर तिच्यासारखं काही नाही. जोडपं अलीकडे उभं करून तू लांब सरकलास की मागची फ्रेम पाण्याने भरून जाते. पण ही कामं आधी ठरलेली असतात, म्हणून भाड्याचं परवडतं. अक्षता प्रत्येक लग्नात आहेत.

लग्नानंतर जोडप्याला चिंचलीच्या मायाक्काला नेणार असतील आणि तुलाही बोलावलं, तर भंडाऱ्यात लेन्स बदलू नको, काही झालं तरी. यूव्ही फिल्टर लाव, नंतर आधी ब्लोअर मार, मग कापड. भंडारा तसाच पुसलास तर काचेवर ओरखडे येतात. आणि तुमच्या जांबोटीकडच्या पावसात लेन्स बॅगेत ठेवून दिलीस तर बुरशी ठरलेली. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, बास.

सेकंड हँड घेताना मागून मोबाईलचा टॉर्च लावून आत बघ, बुरशीचं जाळं दिसलं तर फुकट दिली तरी नको. दिसली नीट, तरी पैसे देण्याआधी स्वतःच्याच बॉडीवर लाव. वर्तमानपत्र तिरकं धरायचं, ५० ला, २.८ वर, एका ओळीवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस. लाइव्ह व्ह्यूवर तपासू नको, त्यात फोकस पुढे-मागे पडायची खोट दिसत नाही. शार्प ओळ पुढची किंवा मागची आली तर ती लेन्स सोड. २००डी मध्ये फोकस मायक्रो अ‍ॅडजस्ट करायची सोय नाही, विकणारा 'सेटिंगमध्ये होतंय' म्हणाला तरी.